लिश्टनस्टाइनमधली सोयरीक

१० मे २०२४, शुक्रवार
उम्म अल हस्सम

आज इथे बहारीनच्या मंडळात अक्षय्य तृतीयेचं जेवण होतं आणि मला सून सापडली.

तिला अजून हे माहीत नाही. माझ्या मुलालाही माहीत नाही. राजनना गाडीत सांगितलं तर ते नुसतं 'हूं' म्हणाले. लग्नाला तीस वर्षं झाली, या 'हूं'चा अर्थ मला अजून लागलेला नाही.

मुलीचं नाव निधी. जुफैरला राहते, दातांची डॉक्टर आहे. वडील कैलास टिपणीस, खारं पाणी गोड करतात त्या प्लांटवर इंजिनिअर. आई सहा वर्षांपूर्वी गेली. आज पुऱ्यांच्या रांगेत मंडळाचे खजिनदार मधेच घुसले, तर या पोरीने हसत हसत त्यांना असं मागे पाठवलं की ते शेवटी जाऊन उभे राहिले आणि वर तिला थँक्यू म्हणाले. आमच्या अथर्वला अशीच बायको हवी.

अथर्वने मात्र 'स्थळ' हा शब्द ऐकला की उठून जायची सवय लावून घेतली आहे. अठ्ठावीस पूर्ण झाली. जानेवारीत बँकवाले त्याला सिंगापूरला पाठवणार. एकदा तो तिकडे एकटा गेला की संपलंच, मग मी इथे बसून देव पाण्यात ठेवायचे. म्हणून ठरवलं आहे, दोघांचं आपोआप जमलं पाहिजे. आणि ते आपोआप जमवायला मी समर्थ आहे.

अडचण बहारीनची आहे. लोक म्हणतात देश एवढासा, इथे शिंकलं तरी पलीकडच्या मुहर्रक बेटावर ऐकू जातं. साफ खोटं. इथला माणूस घरातून गाडीत, गाडीतून ऑफिसात, ऑफिसातून मॉलमध्ये, आणि सगळीकडे एसी लावून काचा वर. जुफैर आमच्यापासून दहा मिनिटांवर आहे, पण या दोघांची कधी धड गाठ पडलेली नाही. यांना अशा ठिकाणी न्यायला हवं जिथे पायी चालावं लागतं आणि चुकवायला दुसरी गल्ली नसते.

१४ मे, मंगळवार

सुनंदाला विश्वासात घेतलं. कुणाला तरी घ्यायलाच हवं होतं, माझ्या पोटात मावेना.

सुनंदा म्हणजे राजनची धाकटी बहीण. सेहेचाळीस वर्षांची. इथल्या एका भारतीय शाळेत भूगोल शिकवते आणि गेली कित्येक वर्षं आमच्याकडेच राहते. पुण्यात सासूबाईंच्या आजारपणात तिचं लग्न राहून गेलं ते गेलंच. मला नणंद म्हणून तिचा काडीचा त्रास नाही. उलट चार वाजता ती शाळेतून आली आणि आम्ही दोघी चहाला बसलो की मगच माझा दिवस सुरू होतो.

तिला म्हटलं, "तुझ्या भूगोलात सगळ्यात लहान डोंगराळ देश कुठला?"

ती क्षणभरही न थांबता म्हणाली, "लिश्टनस्टाइन. आपल्या बहारीनचा पाचवा हिस्सा. विमानतळ नाही. राजधानीत जेमतेम एक मोठा रस्ता."

"खलास," मी म्हटलं. "तिथेच जायचं. आपण चौघं आणि ते दोघं. योगायोगाने."

तिने बशीत कप ठेवला. "आणि वहिनी, कैलासना कोण तयार करणार?"

"तूच. मंडळाच्या वाचनकट्ट्याला तुम्ही दोघं असता ना? त्यांच्या डोक्यात लिश्टनस्टाइन भरव. फोन कर, नकाशे दाखव, काय हवं ते कर."

सुनंदा कानापर्यंत लाल झाली. फार भिडस्त आहे ती. परक्या पुरुषाला फोन करायचा म्हणजे तिच्या जिवावर येणार, पण भाच्यासाठी करेल. मी तिला सांगून ठेवलंय, लाजून कामं होत नाहीत.

१९ मे, रविवार

मनामाच्या सूकमध्ये, जुन्या बाजारात, खिजरभाईंकडे गेले. आमची सगळी तिकिटं वर्षानुवर्षं तेच काढतात.

"भाभीजी, लिश्टनस्टाइन? आज तक किसी ने माँगा नहीं. स्विट्झर्लंड ले लो, रास्ते में वो भी दिख जाएगा."

मी त्यांना नीट समजावलं. माल्बुन नावाचं डोंगरातलं गाव, एकच हॉटेल, दोन्ही कुटुंबांच्या खोल्या एकाच मजल्यावर, मुलाची खोली मुलीच्या समोर, आणि सगळं कसं अचानक घडल्यासारखं वाटलं पाहिजे. "और खिजरभाई, किसी को बोलना मत. खास करके मेरे बेटे को."

त्यांनी छातीवर हात ठेवला. "भाभीजी, मेरे पेट में बात पत्थर की तरह पड़ी रहती है."

भला माणूस. निघताना इथला तो कडक, दुधाळ करक चहा पाजला.

६ जून, गुरुवार

सुनंदाने कमाल केली. दोन आठवड्यांत कैलासरावांना पटवलं. त्यांनी निधीलाही रजा टाकायला लावली. मी विचारलं, अगं कसं जमवलंस? तर म्हणाली, "काही नाही, बोलत बसलो."

बोलत बसायला तिला वेळ फार लागतो एवढंच. रोज संध्याकाळी फोन घेऊन बाल्कनीत जाते. या दिवसांत बहारीनच्या बाल्कनीत कबूतरही बसत नाही, ही मात्र तासभर उभी. आत येते तेव्हा घामाने चिंब आणि चेहरा हसरा. म्हटलं, आत बसून बोल ना, आमची काय चोरी? तर म्हणते, आत रेंज नसते. मला तर न्हाणीघरातही रेंज असते. पण मी काही बोलले नाही. काम होतंय ना, मग झालं.

आज व्हिसासाठी बोटांचे ठसे देऊन आलो. तिथे अथर्वने विचारलं, "आई, ऑफ ऑल प्लेसेस, व्हाय लिश्टनस्टाइन?"

मी म्हटलं, "तुझ्या बाबांना डोंगर आवडतात."

राजन म्हणाले, "हूं."

अथर्व माझ्याकडे बघून बराच वेळ हसत होता. आनंदी स्वभाव आहे त्याचा. निधी सुखात राहील.

२१ जून, शुक्रवार

सुनंदा डोंगर चढायचा सराव करते आहे. बाहेर चालायची सोय नाही, म्हणून सकाळी दुकानं उघडायच्या आत मॉलमध्ये जाऊन चालते. कैलासराव तिला न्यायला येतात, कारण त्यांनाही सराव हवा आणि त्यांची गाडी तशीही इकडूनच जाते. जुफैरहून मॉलला जाताना उम्म अल हस्सम वाटेत कसं लागतं कोण जाणे. पण रस्त्यांचं मला कळत नाही, राजन नेतात तिकडे मी जाते.

मलाही चल म्हणाली होती. मी गेले नाही. आमरस सोडून कोण चालायला जाईल?

आज ती नवीन बूट घालून घरभर फिरत होती आणि काहीतरी गुणगुणत होती. मला वाटलं रेडिओ लागलाय. या घरात मी तिला कधी गाताना ऐकलं नव्हतं. म्हटलं, व्यायामाने माणूस किती बदलतो बघा.

१३ जुलै, शनिवार

सगळ्यांचे व्हिसा आले! बॅगा भरायला घेतल्या: चकल्या, मेतकूट, दाण्याची चटणी, छोटा कुकर. राजन म्हणाले, "तिकडे जेवण मिळतं." मी म्हटलं, "तुम्ही गप्प बसा."

अथर्व अलीकडे रोज जिमला जातो. माझं लक्ष आहे. परवा कपडे धुवायला टाकले तेव्हा खिशात एका दातांच्या दवाखान्याचं कार्ड होतं. जुफैरचं! विचारलं तर म्हणाला, "टूथपेन." देवा, तू आहेस.

११ ऑगस्ट, रविवार
माल्बुन, लिश्टनस्टाइन

काल रात्री पोचलो. लिहायला बसले आहे आणि खिडकीबाहेर सगळं हिरवं. डोळे कसे निवले. इतकी वर्षं वाळू आणि काँक्रीट बघून मी हिरवा रंग फक्त कोथिंबिरीत असतो असं धरून चालले होते. गाव म्हणजे एक रस्ता, थोडी हॉटेलं, एक छोटं चर्च आणि गळ्यात घंटा बांधलेल्या गाई. चहूबाजूंनी डोंगर. पळायला जागा नाही. खिजरभाईंना मनात शाबासकी दिली.

सकाळी नाश्त्याला 'योगायोग' झाला. कैलासराव दारातून आत आले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. "अरेच्चा! तुम्ही सगळे इथे? लिश्टनस्टाइनमध्ये?" इतका भिकार अभिनय मी मंडळाच्या बालनाट्यातही बघितलेला नाही. सुनंदाने तर मान खाली घालून ब्रेडला लोणी लावायला घेतलं. मला वाटलं, आता पोरांना संशय येणार.

पण नाही. अथर्व म्हणाला, "वॉव, व्हॉट अ कोइन्सिडन्स!" निधी म्हणाली, "नो वे! अनबिलीव्हेबल!" दोघंही खरोखर थक्क झाले होते. अथर्वला तर हसू आवरेना. निधीने त्याला टेबलाखालून लाथ मारल्यासारखं वाटलं. एवढ्यात सलगी? मी राजनना कोपर मारलं. ते अंडं सोलत होते.

१२ ऑगस्ट, सोमवार
माल्बुन

आजचा दिवस वाया गेला. सविस्तर लिहिते म्हणजे पुढे चूक होणार नाही.

इथे डोंगरावर जायला तारेवरच्या लटकत्या खुर्च्या आहेत. एका खुर्चीत दोघं. बाप रे, म्हणजे देवानेच जुळवून आणलेली सोय! मी सगळ्यांना रांगेत लावलं. पुढे अथर्व आणि निधी, मग कैलासराव आणि राजन, शेवटी सुनंदा आणि मी. दोघांना वर जाईपर्यंत हवेत अडकवून ठेवलं की बोलतीलच, काय करतील?

खुर्ची आली आणि नेमकी अथर्वच्या बुटाची नाडी सुटली. तो वाकला. निधी म्हणाली, "माझा चष्मा हॉटेलात राहिला वाटतं," आणि मागे वळली. तो खुर्चीवाला माणूस आपल्याकडच्या 'यल्ला'सारखं, 'चला चला' अशा अर्थाचं काहीतरी त्याच्या भाषेत ओरडला, गडबड झाली, आणि निधीने तिच्या वडिलांना पुढे ढकललं, अथर्वने आत्याला. दोघं खुर्चीत धपकन बसले आणि निघालेही! मग राजनच्या खुर्चीत निधी, आणि माझ्या वाट्याला माझाच मुलगा.

सबंध वाटभर मी त्याला बोलले. "नाडी नीट बांधता येत नाही, घोडा झालास!" तो हसत होता. "आई, लुक ॲट द व्ह्यू ना."

कसला व्ह्यू? माझं लक्ष सगळ्यात पुढच्या खुर्चीकडे. सुनंदा बिचारी उंचीला घाबरते. भीतीने तिने कैलासरावांचा हात घट्ट धरून ठेवला होता. वर उतरल्यावर जमीन लागली तरी तिला हात सोडायचं भान राहिलं नव्हतं, इतकी घाबरली होती. मला पाहिल्यावर एकदम सोडला. मी म्हटलं, "अगं, पाणी पी." तीच नव्हे, कैलासरावांचाही चेहरा लालेलाल. त्यांनाही उंची सोसत नसणार.

१५ ऑगस्ट, गुरुवार
माल्बुन

आपला स्वातंत्र्यदिन आणि यांचाही राष्ट्रीय दिवस! खाली राजधानीत, फाडुत्सला, झेंडे, बँड, गर्दी. गर्दी म्हणजे आपल्या मंडळाच्या गणपतीइतकी, पण त्यांच्या मानाने पुष्कळ. आम्ही बसने गेलो. कैलासरावांनी सगळ्यांना छातीवर लावायला तिरंगे आणले होते, सुनंदाच्या ओढणीला त्यांनीच टाचणी लावून दिली. तिला टाचण्या लावता येत नाहीत हे मला आजच कळलं. एरवी माझ्या साडीच्या निऱ्या तीच टाचते.

मोठी बातमी ही की अथर्व आणि निधी दुपारभर दोघंच कुठेतरी गेले होते. पोस्टाच्या तिकिटांचं म्युझियम बघितलं म्हणे. अठ्ठावीस वर्षांचा मुलगा सुट्टीत पोस्टाची तिकिटं बघतो का? मला काय कळत नाही होय! आले तेव्हा त्यांची डोकी जवळ, कुजबूज, हसणं. मी जवळ गेले तर गप्प. मी राजनना म्हटलं, "जमलं हो."

राजन म्हणाले, "मलाही तसंच वाटतंय." आणि कॉफी घेऊन उभ्या असलेल्या सुनंदाकडे बघत बसले. त्यांचं लक्ष कधी जागेवर नसतंच.

तरी मनात एक शंका आहे ती इथे लिहून ठेवते. पोरं इतकी खूश दिसतात, पण एकमेकांकडे बघत नाहीत. आमच्याकडेच बघतात.

२० ऑगस्ट, मंगळवार
उम्म अल हस्सम

परत. विमानाबाहेर पाऊल टाकलं आणि भट्टीचं दार उघडल्यासारखी हवा अंगावर आली.

कैलासरावांचा फोन आला. "वहिनी, शुक्रवारी घरी आहात का? तुमच्याशी आणि राजनशी महत्त्वाचं बोलायचं आहे. निधीही येईल."

मुलीचा बाप मुलीला घेऊन बोलायला येतोय! मी फोन ठेवला आणि देवापुढे साखर ठेवली. सुनंदाला सांगितलं तर तिच्या हातून पेला सुटला. म्हटलं, फुटू दे, शुभशकुन आहे.

वरमाय म्हणून मी मोरपिशी पैठणी नेसायचं ठरवलं आहे. फार मान मागायचा नाही, पण अगदीच सोडायचाही नाही.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

कुठून सुरुवात करू.

ते आले. कैलासराव या उन्हात कोट घालून. निधीच्या हातात पेढे. मी पैठणीत. राजन सोफ्यावर, अथर्वला मी जबरदस्तीने झब्बा घातलेला, सुनंदा दाराशी उभी, साध्या निळ्या साडीत. चहा झाला. कैलासरावांनी घसा साफ केला.

"वहिनी, राजन, कसं सांगू कळत नाही. थोडं अवघड आहे. लोक काय म्हणतील हाही विचार मनात आला..."

मला त्यांची दया आली. मी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. "कैलासराव, अहो, अवघड कसलं त्यात? लोकांना काय, बोलायला जीभ आहे. आम्ही पत्रिका बघत नाही, वय बघत नाही, देणंघेणं तर मुळीच नाही. दोन माणसांची मनं जुळली की बाकीच्यांनी बाजूला व्हावं, या मताची मी आहे. आमच्याकडून होकार. एकदा नाही, शंभरदा होकार!"

मी बोलत होते आणि खोलीत सगळे इतके शांत झाले की मला वाटलं माझ्या बोलण्याने भारावले. कैलासरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते उठले आणि मला वाकून नमस्कार करायला लागले.

"वहिनी, तुमचे उपकार कसे फेडू? सुनंदा म्हणत होती, वहिनी काय म्हणतील याचीच धास्ती आहे. मग मी सुनंदाला जी मागणी घातली आहे, तिला तुमची संमती आहे असं समजू ना?"

मी दाराकडे पाहिलं. सुनंदा माझ्याकडे बघत होती. आणि राजन हसले. 'हूं' नाही, चक्क हसले.

मी म्हटलं, "चहा बघते हं." चहा सगळ्यांच्या पोटात जाऊन अर्धा तास झाला होता.

२४ ऑगस्ट, शनिवार

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

काल संध्याकाळपासून स्वयंपाकघरातून बाहेर आलेली नाही. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी देश शोधला, मी हॉटेल ठरवलं, मी तिला म्हटलं फोन कर, लाजू नकोस. बाल्कनी! मॉल! टाचणी! सगळं डोळ्यांसमोर घडत होतं आणि मी मुलाची नाडी बघत होते.

निधीचं तर विचारूच नका. सुनंदाची मुलगी म्हणजे अथर्वची आतेबहीण होणार. सून व्हायची बात मफी, म्हणजे नाहीच. पोटभर आमरस वाढून घेतला आणि ताटच कुणी उचलून नेलं.

मी राजनना म्हटलं, "सेहेचाळीसाव्या वर्षी हे काय? मंडळात काय तोंड दाखवू?"

ते म्हणाले, "कालचंच. शंभरदा होकारवालं."

२५ ऑगस्ट, रविवार

सुनंदा सकाळी माझ्यापाशी आली. मी भांडायची तयारी करून बसले होते. ती म्हणाली, "वहिनी, तू परवा जे बोललीस ते दुसऱ्यांसाठी होतं, मला कळतंय. तुझ्या मनात नसेल तर मी कैलासना नाही सांगते. खरंच. राग नाही माझा." आणि मग विचारलं, "गणपतीच्या मोदकांना तांदळाची पिठी आहे का, की आणू?"

भांडली असती तर बरं झालं असतं.

मी पिठी आहे एवढंच म्हटलं. दिवसभर ती घरात होती. फोन आतच टेबलावर पालथा पडून होता, दोनदा वाजला, तिने उचलला नाही. चार वाजता तिने चहा केला, नेहमीसारखा, माझ्यात साखर कमी. बाल्कनीचं दार बंद होतं.

इथे खोटं लिहून काय करू. मंडळ, लोक, वय, सगळे बहाणे. मला चार वाजताचा चहा जायला नकोय. अथर्व सिंगापूरला, सुनंदा जुफैरला, आणि मी आणि राजनचं 'हूं'. मी घरात माणूस आणायला निघाले होते. होतं ते माणूसच चाललं. हे खरं कारण आहे आणि ते लिहिताना मला लाज वाटते आहे.

२७ ऑगस्ट, मंगळवार

अथर्वला फैलावर घेतलं. "तुला कधीपासून माहीत होतं?"

"सिन्स मे." खिजरभाईंनी मी दुकानातून निघाल्याबरोबर त्याला फोन केला होता. मुबारक हो म्हणाले. पोटात पत्थर म्हणे! मग याने निधीला फोन केला, दोघं भेटले, हसले, आणि ठरवलं की आपलं काही जमण्यातलं नाही, पण आईला सांगायचं नाही. का, तर फुकट लिश्टनस्टाइन कशाला सोडा. पुढे निधीला घरी बाबा गुणगुणताना ऐकू यायला लागले आणि इथे आत्या. मग त्यांचं जमवायचा कट, म्हणून दातांचा दवाखाना, नाडी, चष्मा, पोस्टाची तिकिटं.

"म्हणजे मला मूर्ख बनवलंत."

"आई, यू डिड ऑल द हार्ड वर्क."

मी तोंड फिरवलं. तो गेला असं वाटलं. पण तो तसाच उभा होता. मग जवळ येऊन खाली बसला आणि म्हणाला, "आई, होऊ दे ना आत्याचं."

हा मुलगा शाळेत गेल्यापासून माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तर देत आला आहे. जेवायचंय का विचारलं तरी 'इन फाइव्ह मिनिट्स'. आज मराठीत बोलला, आणि तेही स्वतःसाठी काही न मागता. मी त्याच्या डोक्यावर एक चापट मारली. मग सुनंदाच्या खोलीत गेले आणि तिला म्हटलं, "निळी साडी नेसून काय उभी राहिलीस शुक्रवारी? मागणीच्या दिवशी माणूस काहीतरी बरं नेसतं."

ती रडायला लागली. मीही रडले. शेवटी राजन चहा घेऊन आले. त्यात साखर नव्हती.

३० ऑगस्ट, शुक्रवार

नवऱ्या मुलाने स्वतःच मागणी घालायला यायचं ही काही रीत नाही. मुलीकडच्यांनी जायचं असतं. म्हणून आज मी आणि राजन रीतसर जुफैरला गेलो. सुनंदाला घरीच ठेवलं. पैठणी नाही, साधी कांजीवरम. मुलीकडच्यांनी फार मिरवू नये.

निधीने दार उघडलं आणि मी तिथेच थबकले. पोरीने तिच्या आईची जरीची साडी नेसली होती, अंबाडा, नाकावर चष्मा. आम्हाला बसा म्हणाली नाही, हाताने सोफा दाखवला. कैलासराव कोपऱ्यात अंग चोरून बसले होते. निधी त्यांच्या शेजारी ताठ बसली.

"मुलाची आई नाही, तेव्हा बोलणी मीच करणार," ती म्हणाली. तिचं मराठी एरवी इंग्रजीच्या आधाराने चालतं, पण ही चार वाक्यं तिने पाठ केलेली दिसत होती. "मुलगी काय शिकली आहे?"

"भूगोलात एम.ए., बी.एड.," मी म्हटलं. राजननी माझ्याकडे पाहिलं.

"स्वयंपाक?"

"सगळा येतो. मोदकाला तर तिच्यासारखा हात नाही."

"गाणं?"

"पूर्वी नव्हतं. जूनपासून येतं."

कैलासरावांनी तोंडावर हात धरला. निधी मात्र हसली नाही. "मुलीकडच्यांच्या काही अटी?"

मी गमतीतच उत्तर देणार होते. पण तोंडातून भलतंच निघालं. "एकच. चार वाजता कधीतरी तिला आमच्याकडे चहाला पाठवत जा. रोज नाही म्हणत मी."

निधीने चष्मा काढला. मग आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "काकू, मी पण आले तर चालेल?"

"तू तर यायलाच हवंस," मी म्हटलं. "माझं सगळं नाटक तुझ्यामुळे सुरू झालं."

तिने मला मिठी मारली आणि तिच्या अंबाड्याचा एक काटा माझ्या गालाला टोचला. लग्न दिवाळीनंतर करायचं ठरलं. मानपान नाही, पण विहीण म्हणून तिला साडी घ्यावी लागेल असं निधी तीनतीनदा बजावत होती.

घरी आलो तर सुनंदा दारातच उभी. लिफ्टचा आवाज ऐकून आली असणार. आम्ही बूट काढायच्या आधीच तिने विचारलं, हसत, गंमत करतेय असं दाखवत, पण दाराची कडी तिने मुठीत घट्ट धरली होती.

"काय म्हणाले मुलाकडचे? कळवतो म्हणाले?"

पुण्यात असताना किती वेळा पोह्यांच्या ताटल्या उचलून झाल्यावर तिने हा शब्द ऐकला असेल, मी कधी विचारलंच नव्हतं.

"नाही गं," मी म्हटलं. "बसल्या जागी हो म्हणाले."